दिल्लीला विचारल्याशिवाय

चेन्नईतल्या अड्यारच्या त्या केंद्रातली घटना मला निवृत्तीनंतरही विसरता आलेली नाही. मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. आमचं घराणं तंजावरचं. घरात आम्ही जे मराठी बोलतो ते महाराष्ट्रातल्या माणसाला अर्धंच कळतं, म्हणून हे लिखाण माझ्या सोलापूरच्या बायकोने सुधारलं आहे. भाषा तिची, हकीकत माझी.

ते केंद्र म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. मुलं कामावर जाताना आईवडिलांना तिथे सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. दारावर दिल्लीतल्या एका मोठ्या संस्थेचं नाव होतं, त्या नावावर विश्वास ठेवूनच लोक यायचे. एके दिवशी दुपारी तिथे एक निवृत्त शिक्षिका छातीत दुखून गेल्या. सगळे त्यांना आम्मा म्हणत. त्याही आमच्यासारख्या तंजावरी मराठी. मुलगा ओरगडमच्या मोटार कारखान्यात सुपरवायझर. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, आणि वय झालेलं होतं असं म्हणून सगळे गप्प बसले.

दोन दिवसांनी आमचा हवालदार केंद्रासमोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. टपरीवाला त्याला म्हणाला, "म्हातारी तळमळत होती आणि ती सेविका दारात फोन कानाला लावून उभी होती. ऑटोवाला स्वतःहून आला, तर त्यालाही हाताने थांब म्हणाली." डॉक्टरांना विचारलं. वेळेवर आणलं असतं तर वाचण्याची बरीच आशा होती, असं ते म्हणाले. हे कळताच मुलगा ठाण्यात येऊन बसला.

"सार, ती पोरगी प्रियकराशी बोलत असणार. तिला आत टाका. माझी आई शेजारी मरत होती हो," तो म्हणाला. मग आमच्या घरच्या मराठीत काहीतरी पुटपुटला आणि रडायला लागला. मलाही तेव्हा त्याचंच खरं वाटलं. हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा तिच्या नावावर नोंदवला.

महिला हवालदाराच्या समोर तिची चौकशी केली. वीस-बावीसची मुलगी, संस्थेचा निळा कोट घालूनच आली होती. मी चौकशीत आरडाओरडा करणारा अधिकारी नव्हे, मी माणसाचे हात बघतो. खोटं बोलणारा हातांशी चाळा करतो. ही दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. ज्यांना कुणीतरी गप्प राहायला सांगितलेलं असतं, ती माणसं अशी बसतात.

"कुणाशी बोलत होतीस?"

"आठवत नाही, सार."

तिच्या फोनवरचा नंबर तपासला. प्रियकर वगैरे काही नव्हता. नंबर दिल्लीचा, त्याच संस्थेच्या मदतकक्षाचा निघाला. दिल्लीला विचारलं तर त्यांच्या वकिलांनी लगेच कळवलं, की आम्ही फक्त सल्ला देतो. अड्यारची शाखा स्वतंत्र नोंदलेली आहे, तिथली सेविका आमची नोकर नाही, तिच्या वागण्याशी आमचा संबंध नाही. नाव दारावर लावायला यांचं आणि माणूस मेल्यावर शाखा वेगळी. माझं डोकंच फिरलं. पण डोकं फिरून पुरावा मिळत नाही.

त्याच संस्थेचं एक केंद्र चेन्नईतच गिंडीला होतं. मी साध्या कपड्यांत तिथे गेलो, ओळख सांगितली आणि हॉलमधल्या सेविकांना सहज विचारलं, "एखाद्या आजोबांच्या छातीत कळ आली, तर आधी काय कराल?"

चौघीही शाळेतल्या कवितेसारख्या एका सुरात म्हणाल्या, "आधी दिल्लीला फोन. परवानगी मिळाली की रुग्णवाहिका."

"आणि परवानगी यायच्या आधी बोलावली तर?"

मग एकीने हळूच सांगितलं, की अड्यारच्या एका सेविकेने पूर्वी तसं केलं होतं. म्हातारा वाचला, तिची नोकरी गेली.

तसाच अड्यारला आलो. शाखेचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांना म्हटलं, "एका जिवाला वाचवणाऱ्या मुलीला तुम्ही काढून टाकलंत?"

ते बिचारे दुखावले. "आम्ही कुठे काढलं, सार? मी तर हातापाया पडलो. दिल्लीहून माणूस आला आणि त्याने काढलं. इथे एक सेविका ठेवायची की काढायची हेही आमच्या हातात नाही."

मी त्यांना तेच वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि जबाबात जसंच्या तसं घेतलं. काम कसं करायचं ते दिल्ली सांगणार, शिकवणार दिल्ली, काढणारही दिल्ली. मग नोकर कुणाची, हे सांगायला मोठा कायदेपंडित लागत नाही. त्या मुलीला गप्प बसायला सांगणारेही दिल्लीचेच होते. दिल्लीचं नाव घेतलं नाहीस तर नोकरी राहील, असं तिला सांगितलं होतं, हे तिने मग जबाबात कबूल केलं.

एकाच्या हयगयीसाठी फौजदारीत दुसऱ्याला सहजी धरता येत नाही. म्हणून मी तिला साक्षीदार केलं आणि ज्यांनी तो नियम बनवला त्यांच्यावर त्यांच्या स्वतःच्या हयगयीसाठी दोषारोपपत्र पाठवलं. तो खटला अजून तारखा खातो आहे. मुलाने भरपाईचा दावा मात्र थेट दिल्लीवर लावला. ताबा ज्याचा, जबाबदारी त्याची, असं म्हणून कोर्टाने संस्थेला जबाबदार धरलं. संस्थेने तो नियमही बदलला.

निकालाच्या दिवशी ती मुलगी कोर्टाच्या आवारात भेटली. आता ती एका कापडाच्या दुकानात काम करते. मी म्हटलं, "सुटलीस बाई. दोष तुझा नव्हता, कोर्टानेच सांगितलं."

ती मान खाली घालून म्हणाली, "सार, सगळ्यांनी मला विचारलं दिल्ली काय म्हणाली. दिल्लीवाली हिंदीत बोलत होती, मला कळेना. तमिळ येणारी बाई बोलवते म्हणाली आणि फोनवर संगीत लावून गेली. आम्मा काय म्हणाल्या ते कुणीच विचारलं नाही."

"काय म्हणाल्या?"

"फोन ठेव गं, माझ्याजवळ येऊन बस, म्हणाल्या. मी म्हटलं, एक मिनिट आम्मा, दिल्ली लाइनवर आहे."

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की जबाबदारी कुणाची हे तपासात सापडतं, कोर्टात सिद्धही होतं. पण दुःख ज्याच्या वाट्याला यायचं त्याच्याच वाट्याला येतं, ते दिल्लीला पाठवता येत नाही. मी तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत गेलो आणि तिची बस येईपर्यंत तिथे थांबलो.