तिले बोलू द्या

उमरखेडच्या स्टँडजवळचा तो मिस्त्री बिघडलेली गाडी आधी डोळे मिटून ऐकायचा. मालक बोलू लागला की म्हणायचा, "तुमी चुप राहा भाऊ, तिले बोलू द्या." घाई त्याला माहीतच नव्हती.

त्या दिवशी मी बंद पडलेली गाडी घेऊन त्याच्याकडे गेलो, तेव्हा माझी दोन वर्षांची लेक खांद्यावर होती. "सर्दी झालीये," मी म्हणालो. त्यानं डोळे मिटले आणि दचकून उघडले. तिचा स्वेटर वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"हे सर्दी नाही! पोरगी श्वास ओढून राह्यली!" पाना फेकून त्यानं गिऱ्हाइकाचीच गाडी काढली आणि आम्हाला दवाखान्यात नेलं.

ऑक्सिजन लावत डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

तो खड्डा मी सकाळीच पाहिला होता, आणि वरून स्वेटर घातला होता.