चाचांचं बिनसालाचं नाणं

कुवेतमध्ये दिनाराखेरीज दुसऱ्या कशाची स्वप्नं पाहणारा माणूस मी एकच पाहिला: सालमियात आमच्या इमारतीखाली घड्याळं दुरुस्त करणारे रत्नागिरीकडचे चाचा. त्यांचं स्वप्न पाच सेंटचं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीचं अमेरिकन नाणं, तिथले लोक त्याला निकेल म्हणतात. एका बाजूला पिसं माळलेला तिथला आदिवासी, दुसऱ्या बाजूला मान खाली घातलेला रानरेडा. चाचांना कांद्याचा भाव विचारलात, तर ते चाचीकडे बोट दाखवतील. पण या रेड्याच्या कुठल्या सालच्या नाण्याला आज काय भाव आहे, ते झोपेतही सांगतील. घड्याळाचा सेल बदलायला आलेल्या माणसाच्या डोळ्याला ते आधी भिंग लावत. "शिंग बघ! शेपटी बघ!" यापायी एका गिऱ्हाइकाचं विमान चुकलं म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही.

दुपारी शटर अर्धं ओढून, नाणं तळहातावर घेऊन ते बसून राहत. समुद्रावरून दमट वारा येई, भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ दाखवत, आणि चाचा कुठल्याशा अमेरिकन बंदरात आपल्या आजोबांबरोबर हिंडत असत. आजोबा आगबोटीवर खलाशी. शेवटच्या सफरीआधी त्यांनी हे नाणं गावच्या एका सोबत्याकडे दिलं. मग त्यांची बोट बुडाली, आणि सोबत्यानं बऱ्याच वर्षांनी ते दादीच्या हातात आणून ठेवलं. ही घरातली हकीकत. बोट बुडाल्याचं साल तर ऐकून ऐकून आख्ख्या इमारतीला पाठ. नाण्यावरचं साल मात्र पार झिजलेलं, आणि बिनसालाच्या नाण्याला भाव चहाच्या कपाएवढा.

परवा चाचा आमच्याकडे आले ते ऑनलाइन मागवलेली ॲसिडची बाटली घेऊनच.

"बाय, तू हॉस्पिटलच्या लॅबमधली, तुझा हात कापायचा नाय. एक थेंब टाक. झिजलेलं साल वर येतं म्हणे."

"अहो चाचा, ॲसिड लावलेलं नाणं कुणी घेत नाही, तुम्हीच सांगितलंत ना!"

"भाव गेला खड्ड्यात! गावचे लोक म्हणायचे, आजा बुडाला नाय, तिकडंच दुसरं घर करून राहिला. दादी मरेपर्यंत त्याच्या नावानं फातिहा देत होती गे. साल बोट बुडल्यानंतरचं निघालं, तर गाववाले खरे."

मी थेंब टाकला. चाचांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. "तूच बघ. मला धीर नाय."

आकडे हळूहळू वर आले. बोट बुडाल्यानंतर चार वर्षांनी पाडलेलं नाणं होतं ते.

"आधीचं ना गे?"

"आधीचं, चाचा," मी म्हटलं, आणि दुसरा थेंब टाकला, मग तिसरा. आकडे विरून गेले. "अगंबाई, जास्तच पडलं की हो!"

"पडू दे," म्हणत चाचा लहान मुलासारखे रडले.

शुक्रवारी चाचीनं आजोबांच्या नावानं शिरा करून इमारतभर वाटला. माझ्या वाटीत चाचांनी मुद्दाम मूठभर काजू जास्त घातले. मी वाटी पुसून खाल्ली. उद्या त्यांनी पुन्हा विचारलं, तरी मी आधीचंच सांगणार आहे.