नातीचं विलायती मुंगूस

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागं हाच किस्सा सांगताना एकाच्या नाकातनं चहा बाहेर आलता!

आता मला कोण ओळखत नाही? शेजारच्या शेवंताक्काच्या पिठाच्या डब्यात रबरी पाल सोडणारा मीच. आमच्या मंडळाचा अध्यक्ष पिंट्या पोरगी बघायला निघाला, तेव्हा त्याच्या पाठीवर 'माल संपला' असा कागद चिकटवणारा पण मीच. अख्ख्या मंगळवार पेठेला टोप्या घातलेला माणूस मी. आणि माझी फजिती केली कुणी? हातभर लांबीच्या एका जनावरानं!

झालं काय, आमची नात सायली पुण्याहून आली ती पिंजरा घेऊनच. आत बघतो तर पायमोजाला चार पाय फुटल्यागत काहीतरी. लांबलचक, मऊ, आणि डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी.

"आबा, हा फेरेट. नाव नूडल. माझ्या घरमालकिणीनं ह्याला खोलीतनं बाहेर काढलंय. परीक्षा होईपर्यंत सांभाळाल?"

"सांभाळतो की! तुझ्या बापाला सांभाळलं, हा तर उंदराचा मेव्हणा!"

"आबा, चेष्टा नको, नीट ऐका. ह्याला चिकन, मटण, अंडं एवढंच द्यायचं. दूध नाही, गोड नाही, फळं नाहीत."

"म्हंजे पावणं अस्सल कोल्हापुरीच हाय की!"

"सारखी आंघोळ घालायची नाही, उलट वास वाढतो. ह्याला उकाडा सोसत नाही, गारव्याला ठेवा. घरातली भोकं बुजवा, कुठंही घुसतो. आणि मुख्य म्हणजे ह्याची झोप..."

"झोपवतो की! अंगाई म्हणू?" असं म्हणून मी पिंजऱ्यापुढं मांडी घालून गळा काढलाच. पोरगी हसून हसून वाकली आणि राहिलेलं सगळं आत जाऊन आजीला सांगून आली.

निघताना मात्र तिनं त्याला गालाला लावलं. म्हणाली, "आबा, पुण्यात मला घरचं असं हे एवढंच आहे. जपा हं."

तेव्हा मी चेष्टा केली नाही. मला पण कळतं कधीकधी.

पण जित्याजागत्या माणसानं किती वेळ गप्प बसायचं? दुसऱ्या दिवशी शेवंताक्का भिंतीवरनं डोकावली. "आबा, ह्ये मुंगूस कुठनं आणलंसा?"

आता आपल्याकडं मुंगसाचं तोंड दिसलं की काम होतं म्हणतात. मी म्हटलं, "आक्का, साधं न्हवं, विलायती हाय! आपल्या मुंगसाचं तोंड बघितलं तर एक काम हुतंय, ह्याचं बघितलं तर तीन!"

आणि नशीब बघा माझं! त्याच दिवशी तिच्या पोरीला कागलच्या पाहुण्यांचा होकार आला. झालं! रोज सकाळपासनं आमच्या खिडकीला गर्दी. कुणाची कोर्टात तारीख, कुणाची गाडीच्या लायसनची परीक्षा. हात जोडून उभे! पिंट्या तर कलेजीची पिशवीच घेऊन यायचा.

नूडल्यानं पण मला असा लळा लावला, काय सांगू! माझी चष्म्याची डबी, हौसाच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या केसांची पिन, सगळं चोरून पलंगाखाली ठेवायचा. उठला की कमान करून आडवा आडवा उड्या मारायचा आणि तोंडानं 'डुक डुक' करायचा. आणि दमला की माझ्या बंडीत शिरून पोटाला चिकटून झोपायचा. ह्या वयात अंगावर कोण झोपतं हो माणसाच्या?

आणि तिथंच घात झाला. मला तो रोडका वाटायला लागला.

आमच्याकडं तालमीतलं पोरगं रोडावलं की त्याला दूधकट्ट्यावर न्यायचं आणि म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचं. कोल्हापुरात पाहुणचाराला येऊन लेकरू दुधाबिगर परत जायचं? लोक काय म्हणतील? सायलीनं नको म्हटलं होतं, पण पुण्याच्या पोरीला दुधातलं काय कळतंय! सकाळी हौसा आंघोळीला गेल्यावर बशीभर फेसाळ दूध दिलं. पठ्ठ्यानं बशी चाटून लख्ख केली. पुढं पोटाची गडबड झाली, ते वर्णन तुमच्या चहाबरोबर नको.

दुपारी जाऊन बघतो तर नूडल्या आडवा. हाक मारली. गप्प. गुदगुल्या केल्या. गप्प. उचलला, तर ओल्या पंच्यागत दोन्हीकडनं लोंबला.

तसाच त्याला छातीशी धरून बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. "आक्का! पिंट्या! अरे, मेलं रे! माझ्या सायलीचं लेकरू मी मारलं!"

शेवंताक्का खदखदून हसली. "आबा, आज नवीन खेळ काढलासा व्हय?"

"अगं खरंच मेलंय! दूध पाजलं मी!"

"आरं, बघा बघा," पिंट्या मोबाईल काढत ओरडला, "नाक बी खरं गळतंय! वा आबा, मानलं!"

मी जितका रडतोय तितकी गल्ली हसतीय! मला नूडल्याचं दुःख, त्यात पोरीला कुठल्या तोंडानं सांगू ही काळजी, आणि हे टाळ्या वाजवतायत!

तेवढ्यात हौसा बाहेर आली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती एकटीच हसली नाही. सगळ्यांदेखत पदरानं माझे डोळे पुसले, नाक पण पुसलं. मग आत जाऊन चिकनचा तुकडा आणला आणि नूडल्याच्या नाकाशी धरला.

नाक हललं.

एक डोळा उघडला. मोठ्ठी जांभई आली. तुकडा गट्ट! आणि खाली उडी मारून साहेब सगळ्यांच्या पायातनं आडवे आडवे नाचायला लागले, डुक डुक डुक!

गल्लीत शिट्ट्या! हौसा माझ्या कानात म्हणाली, "अवो, ह्याची झोपच असली हाय. मेल्यागत पडतंय, घाबरू नका, असं सायली सांगत हुती. तवा तुमची अंगाई चाललीती! आणि दुधाची बशी कुणी लपवलीती, ते बी ठाऊक हाय मला. चला, जनावराच्या डाक्टराला पोट दाखवून आणू."

डॉक्टरनं त्याला औषध दिलं आणि मला शिव्या.

गल्लीला मी शपथा घालून सांगितलं, "आरं, मी खरंच रडलो!" तर म्हणतात, "व्हय, व्हय आबा!" आणि वर आणखी टाळ्या. परीक्षा संपवून सायली आली, तिला पिंट्यानं तो व्हिडिओ दाखवला. ती हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, "आबा, तुम्ही खरंच रडलात?"

"छ्या! नाटक गं सगळं!" मी म्हटलं. तिनं हात काही सोडला नाही.

पण ह्या नाटकाची कीर्ती कुठवर गेली म्हणता? यंदा गणपतीत आमच्या मंडळाचा सजीव देखावा आहे. त्यात लेकरू गेलेल्या आईचं काम पिंट्यानं मलाच दिलंय! ह्या वयात नऊवारी नेसून, मांडीवर कापडाची बाहुली घेऊन रोज तालमीला बसतो. छाती बडवतो, केस ओढतो, डोळ्यांत कांदा पिळतो.

आणि पिंट्या डोक्याला हात लावून म्हणतो, "आबा, त्या दिवशी पायरीवर कसं खरं वाटलं हुतं! आता मात्र उगंच नाटक केल्यागत वाटतंय!"