होडीची फटफटी

पहाटे कोल्हारच्या थांब्यावर आम्ही दोघं उभे होतो तेव्हा ह्यांच्या हातात पेट्रोलचा डबा होता आणि माझ्या हातात पान्यांची पिशवी. ज्याच्या घरी तीन तीन फटफट्या आहेत तो माणूस एसटीची वाट बघतोय, म्हणून चहाच्या गाड्यावरची मंडळी हसत होती.

"काय दादा, तिन्ही आजारी पडल्या का काय?" एकानं विचारलं.

"तिन्ही ठणठणीत हायेत. चवथी आणाया चाललोय," हे म्हणाले. "येताना तिच्यावरच बसून यायचंय, मग जाताना एसटीच बरी."

हे इतक्या मोठ्यानं बोलायला नको होते असं मला वाटलं. गाडी मिळेलच याचा काही भरवसा नव्हता. सुप्याजवळच्या एका खेड्यात एका हवालदाराच्या विधवेकडे ती होती. हे दोनदा एकटे जाऊन रिकामे परत आले होते. पैशाचं जमलं होतं, पण म्हातारीचं मन होत नव्हतं. दुसऱ्या खेपेला ती एवढंच म्हणाली, की आता याल तेव्हा घरच्या बाईला घेऊन या. कशाला, ते सांगितलं नाही. मला आदल्या रात्री झोप लागली नव्हती. परक्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. गावातल्या हळदीकुंकवालासुद्धा मी दाराजवळची जागा धरून बसायचे.

ह्यांच्या या नादाबद्दल लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. उसाचे पैसे आले की लोक विहिरीला मोटार बसवतात, घरावर पत्रे टाकतात. हे पुण्याला जाऊन फटफटीच्या नळीला निकल करून आणतात. टायर मुंबईहून येतात. नगरच्या लष्करी लिलावातून आणलेली कातड्याची टोपी आणि डोळ्यांवरचे काळे चष्मे खुंटीला आहेत. भिंतीवर जुने पितळी भोंगे टांगलेले आहेत, दोन सारखे सापडायचे नाहीत. आत्याबाई (माझ्या सासूबाई) म्हणतात, "लोकं बायकूच्या अंगावर सोनं घालत्यात, ह्यो फटफटीच्या अंगावर घालतो." त्या म्हणतात ते खोटं नाही. पण गोठ्याशेजारच्या छपरात सकाळचं ऊन शिरतं आणि तिन्ही गाड्या एकदम चमकायला लागतात, तेव्हा मी हातातलं शेण टाकून बघत उभी राहते. त्या मी पुसलेल्या असतात. सोन्याचं मला कधी काही वाटलं नाही.

एसटी आली. कंडक्टरनं दारातच नाकाला रुमाल लावला.

"डब्यात काय हाय?"

"पेट्रोल."

"पाटील, गाडी पेटवायची हाय का माझी? खाली ठिवा आधी."

हे हुज्जत घालू लागले. मागचे लोक ढकलत होते. शेवटी डबा चहाच्या गाड्यावर सोपवला आणि नुसती पिशवी घेऊन चढलो. मागं बसलेला एकजण म्हणाला, "फटफट्यावाल्यांची पहिलीच किक खाली गेली." सगळी एसटी हसली. मी पदर पुढं ओढून खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रवरेचा पूल मागं पडला. राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता. संक्रांत होऊन गेली होती, तोड जोरात चालू होती. विळदचा घाट चढून नगरला उतरलो. स्टँडवरच्या हॉटेलात ह्यांनी भेळ मागवली. मी घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तर हॉटेलवाला म्हणाला, "वहिनी, बाहेरचं खाणं आत चालत न्हाई." मी लगेच गाठोडं बांधलं आणि उपाशीच बसले. हे म्हणाले, "अगं, मग भेळ तरी खा की." पण लाजेनं मी भेळेला हात लावला नाही.

पुण्याच्या सडकेनं सुप्याला आलो तो मुलूख मी पहिल्यांदा बघितला. चास सोडलं की हिरवं संपतं. उघडी माळरानं, दगडांचे बांध, मधेच करडईचा एखादा काटेरी पट्टा. विहिरींत हात दोन हातच पाणी असेल असं वाटत होतं. आमच्या पाटाच्या पाण्याची मला आठवण आली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

सडकेवरच्या पंपावर ह्यांनी नवा डबा घेऊन पेट्रोल भरलं. तिथून पुढं तीनेक मैल पायी. डबा ह्यांच्या खांद्यावर, पिशवी माझ्या डोक्यावर. समोरून एक गुराखी आला.

"घासलेट वाटत्यात का सुप्याला?" त्यानं आशेनं विचारलं.

"न्हाई हो, पेट्रोल हाय."

"पेट्रोल? आन् गाडी कुठंय?"

"तीच आणाया चाललोय."

गुराख्यानं आम्हा दोघांकडं नीट बघून घेतलं आणि शेळ्यांमागं गेला.

हवालदारीण आजींचं घर गावाच्या कडेला होतं. धाब्याचं, सारवलेलं, अंगणात एकही काडी नाही. म्हातारी उंच आणि ताठ. तिनं आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "आनली का? बरं झालं. पानी घ्या."

फटफटी गोठ्यात होती, एका गाईच्या शेजारी. आजींनी वरची गोधडी काढली आणि मी बघतच राहिले. गाडी विलायती, रंग लष्करी हिरवा, आणि डाव्या बाजूला जोडलेली होडी. साईडकारला आमच्याकडं होडी म्हणतात, आणि ती होतीही तशीच, पुढं निमुळती, आत कातड्याची बैठक. हवालदार लष्करात डाक पोचवायचे. पेन्शनीत आले तेव्हा त्यांनी नगरच्या लिलावात ही गाडी घेतली. आजी मागं बसायला घाबरायच्या, म्हणून होडी शोधून आणून जोडली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुठीजवळ पितळेचा भोंगा होता, मागं काळा रबरी फुगा. ह्यांची नजर गाडीआधी भोंग्यावर गेली ते मी ओळखलं. त्यावर विलायती छाप होता. तसला भोंगा ह्यांच्याकडं नव्हता, आणि ह्यांच्या ओळखीत कुणाकडंही नव्हता.

आजी उंबऱ्यावर बसल्या. "आदी तिघंजन येऊन गेले. एक म्हनला हंजिन काढून हिरीवर लावतो. एक भंगारवाला. तिसरा ग्वाड बोलत हुता, पर त्याच्या नखांना कदी तेलाचा डाग बी लागला नव्हता, ते बघून मीच न्हाई म्हनलं."

"आजी, मी हिला उघडनारसुद्धा न्हाई इनाकारण," हे म्हणाले. "माझ्याकडं तीन हायेत, जीवापाड..."

"जनावर नेताना समदे असंच बोलत्यात. तुमच्या तीन हायेत, त्यांची धूळ कोन पुसतं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खरं ते बोलले. "ही."

"मग तिला बोलू द्या. तुमी तिकडं गाईपाशी हुबं ऱ्हावा."

 नऊ वर्षं ह्यांनी होडीच्या गाडीचा शोध घेतला होता आणि आता सगळं माझ्या जिभेवर येऊन ठेपलं होतं.

"बांधता कुठं?" आजींनी विचारलं. बैल बघायला आलेल्याला विचारावं तसं.

"छपरात," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की गाय जास्त मोठ्यानं श्वास घेत होती.

"मोठ्यानं बोल, पोरी. खाली काय?"

"फळ्या. जमिनीची वल टायर खाते."

"पावसाळ्यात?"

"वर गोधडी. मी शिवलेली. पर रोज एकदा काढायची, न्हाई तर आत घाम धरतो."

आजींनी मान हलवली. "पुसतीस कशी?"

"आधी कोरडं फडकं. मग रॉकेलचा बोळा, फक्त इंजिनाला. रंगाला रॉकेल लावायचं न्हाई."

"निकलाला राख लावतीस?"

हा फास होता ते मला कळलं. "राखेनं चरे पडतात. निकलाला वलं फडकं आणि लगेच सुकं. पितळेला चिंच."

"साखळी?"

"साखळी काढून रात्रभर तेलात. दुसऱ्या दिवशी टांगून निथळायची. हे बसवतात, पर ताण मी बघते. बोटानं दाबून." मी बोट पुढं केलं. मग माझं मलाच कळलं नाही, मी गाडीपाशी बसले आणि हिची साखळी दाबून बघितली. "ही जरा सैल हाय, आजी."

आजी हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. "हवालदार गेल्यापासनं सैलच हाय. मला कुठं जमतंय." त्या उठल्या. "शेंगोळी केल्यात. खाऊन घ्या, मग न्या तिला."

हुलग्याची शेंगोळी (पिठाच्या वळलेल्या कड्या, झणझणीत लसणाच्या रश्श्यात शिजवलेल्या) मी पोट भरून खाल्ली. सकाळपासून उपाशी होते. ह्यांना घास गिळवत नव्हता, आनंदानं.

जेवणं झाल्यावर ह्यांनी टायरात हवा भरली, नवा प्लग बसवला, कार्बुरेटर धुतला, साखळी ताणली. गाव जमलं. पाच सात किका फुकट गेल्या. कुणी म्हणालं, "बैल जुपा!" आठव्या किकेला गाडीनं धुराचा एक ढग सोडला आणि धडधडू लागली. गाईनं दावं तोडायला बघितलं. आजी कानाशी हात नेऊन उभ्या होत्या, पण हात कानावर टेकलेले नव्हते. त्या ऐकत होत्या.

ह्यांनी गाडी बंद केली. कागद झाले. मग आजी म्हणाल्या, "एक हाय. आमच्यात बैल इकला तरी दावं देत न्हाईत. दावं गिराईकाच्या घरी गेलं की गोठा बसतो, पुन्हा भरत न्हाई. हिचं दावं मी ठिवनार."

"ठेवा की," हे म्हणाले. "कंचं?"

"ह्यो भोंगा. ते वढ्याच्या पल्याड आले की वाजवायचे. तवा मी चुलीवर आधन ठिवायची."

ह्यांचा चेहरा पडला. "आजी, दुसरं काय बी ठेवा. दिवा ठेवा. आरसा ठेवा."

"आरशात काय माजं थोबाड बघू?"

लोक हसले. हे हसले नाहीत. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. भोंग्याशिवाय ही गाडी त्यांच्या लेखी कायमची अपुरी राहणार होती. पण व्यवहार झाला होता, कागद आमच्या पिशवीत होते, ते नाही म्हणू शकले असते. ते बराच वेळ भोंग्याकडं बघत राहिले. मी पिशवीतून बारका पाना काढून पुढं धरला.  पितळेला ओरखडा जाऊ नये म्हणून धोतराचा सोगा मधे धरून त्यांनी एकेक नट सोडवला, भोंगा पुसला आणि दोन्ही हातांनी आजींच्या हातात दिला. त्यांच्या तिन्ही फटफट्यांनी मला जेवढा अभिमान दिला नाही तेवढा त्या एका घटकेत वाटला.

आजींनी गाडीच्या दिव्याला कुंकू लावलं. मी म्हणाले, "आजी, वेशीपर्यंत तुम्ही होडीत बसा. मी चालते."

"आता मालकीन तू. तू बस." त्या एका हातात भोंगा घेऊन, दुसरा होडीच्या काठावर ठेवून वेशीपर्यंत चालत आल्या. हे गाडी अगदी पावलानं चालवत होते. वेशीवर आजींनी हात काढला आणि त्या मागं वळल्या. आम्ही ओढा ओलांडला तेव्हा मागून भोंगा वाजला, दोनदा.

होडीत बसण्याचं सुख मी कसं सांगू! जमीन अगदी हाताशी, वारा तोंडावर, आणि पाय लांब करता येतात. नगरला चितळासारखी मान वर करून मी सगळा बाजार बघितला. विळदचा घाट उतरलो. खरी गंमत राहुरीच्या पुढं झाली. उसाच्या बैलगाड्यांची रांगच रांग लागली होती, आणि सगळ्या सडकेच्या मधून. गाडीवान मोळ्यांवर डुलक्या घेत होते. रेस वाढवावी तर बैल बुजतात. भोंगा नाही. हे हात हलवून थकले.

"अगं, तूच हाक मार."

"मी?"

"मग काय गाडी मारनार?"

मी म्हणाले, "ओ दादा, जरा बाजूला घ्या."

"मलाच ऐकू येईना, तो तर पुढं हाय."

मी होडीचा काठ धरून उभी राहिले. पदर खांद्यावर गेला. "ओ गाडीवान दादा! वाट द्याऽऽ!"

गाडीवान दचकून उठला. मागं वळून बघितलं, होडी बघितली, मला बघितलं. "कोनाची वरात म्हनायची ही?"

"आमचीच हाय!" मी ओरडले. "वऱ्हाड पुढं गेलं, तुमी वाट सोडा!"

तो खो खो हसला आणि बैल कडेला घेतले. पुढच्याला त्यानंच ओरडून सांगितलं, "ए, नवरी आली रं, नवरी!" मग एकेक गाडी बाजूला होत गेली. एकानं उसाचं कांडं होडीत टाकलं. कोल्हारपर्यंत मी उभीच होते, आणि जिथं वाट मोकळी होती तिथंही एखादी हाक मारत होते.

दिवस मावळायला घरी पोचलो. अंगण भरलं. आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या, "फटफटीच्या आदी तुजाच आवाज आला गं. मला वाटलं, कोन बाई भांडतीया."

दोन दिवस माझा घसा बसला होता. मिठाच्या गुळण्या करत होते, पण वाईट वाटत नव्हतं.

आता ही गाडी बघायला लांबून माणसं येतात. पुण्याचे, नगरचे, स्वतःच्या फटफट्या घेऊन. होडीला हात लावून बघतात, ह्यांना नावाजतात आणि मग कुणीतरी विचारतंच, की एवढ्या गाडीला भोंगा कसा नाही.  हे माझ्याकडं बघतात. मग मी हात पुसत पुढं होते आणि हवालदारीण आजींपासून सुरुवात करून सगळं सांगते.