कपाटातला माऊस आणि आमचा पट्टा

आमच्या कॉलेजात पहिला माऊस आला तेव्हा विभागप्रमुखांनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याला खोक्यासकट कपाटात कुलूपबंद करून टाकलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात माऊस पाहिलेली माणसं मोजकीच होती, आणि ती वाढू नयेत असाच सरांचा प्रयत्न होता. विद्यार्थ्यांच्या हातांना घाम येतो, हे त्यांचं कारण. आम्ही चपला काढून एसीच्या खोलीत शिरायचो, बटणं बडवून पडद्यावरचा बाण सरकवायचो आणि परीक्षेत मात्र माऊसची आकृती काढून गुण मिळवायचो. सरांनी स्वतः तो कधी वापरला नव्हता. पण शिकवायचे तेच.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी माझी जोडी उमरेडच्या एका मुलीशी लागली. तिचे वडील मागावर लुगडी विणायचे. मी नागपूरच्या महाल भागातला, कारकुनांच्या घरातला. साहेबाला उलट विचारायचं नाही, हे मला आपसूक येत होतं. तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

"तो उंदीर राहू दे कपाटात," ती म्हणाली. "आपला हात तं मोकळा हाये न गा? हातच हलवू."

नुसत्या हाताच्या हालचालीने बाण हलवायची कल्पना आम्ही मांडली तेव्हा सर सगळ्या वर्गासमोर हसले. "हे इंजिनिअरिंग आहे, भरतनाट्यम नाही." वर्गही हसला, सर हसले की हसायचं, एवढं शिक्षण सगळ्यांचं पूर्ण झालं होतं. प्रोजेक्टच्या कागदावर सही मात्र त्यांनी केली. कपाट उघडावं लागणार नव्हतं ना!

सीताबर्डीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात आम्हाला पाऱ्याच्या छोट्या काचनळ्या मिळाल्या. नळी कलली की आतला पारा घरंगळतो आणि दोन तारा जोडल्या जातात. तिने लुगड्याच्या जाड किनारीचा पट्टा शिवला, त्यावर चार दिशांना चार नळ्या बसवल्या आणि तो पंज्याला बांधला. हात डावीकडे कलला की बाण डावीकडे, पुढे कलला की वर. तारा कॉम्प्युटरमागे प्रिंटर लावायच्या खाचेत जोडल्या. प्रोग्रॅम मी लिहिला.

पहिल्या दिवशी तिने नाक खाजवलं आणि बाण पडद्याबाहेर गेला. हात काही कामासाठीच हलत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग तिने अंगठ्यावर आणि पहिल्या दोन बोटांवर पोलक्याची धातूची टिचबटणं लावली आणि त्यांनाही तारा जोडल्या. अंगठा पहिल्या बोटाला टेकलेला असेल तरच बाण हलणार. दुसऱ्या बोटाला टेकवला की निवड होणार. हे सुचल्यावर ती इतकी खूश झाली की टेबलाभोवती एक चक्कर मारून आली.

तेवढ्यात दिल्लीहून तपासणीला एक पाहुणे येणार असल्याचं कळलं. विभागात दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे भरतनाट्यमचं एकाएकी संशोधन झालं. "पाहुण्यांना मीच दाखवीन," सर म्हणाले आणि त्यांनी पट्टा स्वतःच्या हाताला बांधून घेतला.

"सर, बोलताना अंगठा बोटाले लागू देऊ नका," तिने सांगितलं.

"मला शिकवू नकोस."

वीस वर्षं खडू धरलेला माणूस. बोलताना त्यांचा अंगठा आणि बोट आपोआप जुळायचं, खडू असो वा नसो. "मानव आणि यंत्र" असं त्यांनी सुरू केलं, हात हवेत फिरवला आणि पडद्यावर बाण पिसाळल्यासारखा धावू लागला. ते जितकं समजावून सांगत तितका तो जास्त धावे. शेवटी त्यांनी पट्टा ओढून काढला. "मुलांचं काम कच्चं आहे," ते म्हणाले.

पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही दाखवता?"

तिने पट्टा बांधला आणि एक शब्द न बोलता पडद्यावर लुगड्याचा चौकडा काढला. उभ्या रेघा, आडव्या रेघा, सगळ्या सरळ.

"छान. पण याचा उपयोग कुठे होईल?"

"जिथं माऊस कुलपात ठेवतात तिथं, सर."

पाहुण्यांनी माऊस पाहायला मागितला. सरांनी सगळे खिसे चाचपले. किल्ली त्यांच्या घरी होती. शिपाई सायकलवर गेला आणि तो परत येईपर्यंत सर हवामानावर बोलत राहिले. खोकं उघडलं तेव्हा माऊस थर्माकोलमध्ये होता तसाच होता, वायरीची गुंडाळीसुद्धा सुटलेली नव्हती. पाहुणे हसले नाहीत. हसले असते तर सरांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात माऊस टेबलावर आला. तोंडी परीक्षेत आम्हा दोघांना जेमतेम पास केलं गेलं. आणि मग सरांनी तो पट्टा विभागाच्या काचेच्या कपाटासाठी मागितला. खाली लावायची चिठ्ठीही तयार होती. त्यावर मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव ठळक होतं. आमच्या दोघांच्या नावांच्या जागी "विद्यार्थी" एवढंच होतं.

तिने गुमान पट्टा दिला. माझं डोकं फिरलं. फाटकाबाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "काहून देऊन टाकला वं?"

ती सायकलचं कुलूप काढत होती. "आपल्याले दुसरा बनवता येते," ती म्हणाली. "त्यायले थोडी येते?"