ज्ञानू हवालदाराची अठरा माणसं

उंब्रजजवळच्या त्या वस्तीवर म्हशींनासुद्धा घड्याळ कळतं, आणि त्याला जबाबदार एकच माणूस, ज्ञानू हवालदार. बावीस वर्षं त्यांनी फौजेच्या गाड्या चालवल्या आणि पेन्शनीवर आल्यावर तोच कारभार दीड एकर उसात आणि चार खोल्यांच्या घरात सुरू केला. धार साडेपाचला म्हणजे साडेपाचला. जेवण साडेबाराला. एक वाजता टपकलेल्या पाव्हण्याला आधी ‘लेट’ असं ऐकून घ्यावं लागायचं आणि मग भाकरी मिळायची, भले तो सख्खा मेव्हणा का असेना! त्यांची बायको चंद्राबाई हे सगळं चौतीस वर्षं सोसत होती. म्हणजे आपण सोसतो असं ती चारचौघीत सांगायची. खरं विचाराल तर तिला या माणसाची मजाच वाटायची.

पण गेली दोन वर्षं एका गोष्टीत तिला अजिबात मजा वाटत नव्हती. धाकटी लेक क्रांती हिनं सांगलीच्या आर्जवशी लग्न केलं, स्वतःच्या पसंतीनं. घर जैनाचं, हळदीच्या व्यापाऱ्याचं, माणसं सोन्यासारखी. हवालदार लग्नाला गेले, सावधान उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि मांडवातून निघताना जाहीर करून मोकळे झाले, “लेकीच्या घरचं पानी बापानं प्यायचं नसतं. नातवंड झाल्यावर बघू.”

रिवाज जुनाच, त्यामुळं कुणाला बोलायला जागा राहिली नाही. चंद्राबाईला मात्र चांगलं ठाऊक होतं, की थोरलीच्या घरी, इस्लामपूरला, हाच बाप लग्नाच्या पाचव्या दिवशी तांबडा रस्सा भुरकून, वर पान खाऊन आला होता. कसला रिवाज आणि कसलं काय! राग होता तो. आणि राग जातीचाही नव्हता. क्रांतीनं आपलं ठरल्याचं आधी आईला सांगितलं, मग भावाला, जयराजला, मग शेजारच्या मनुबाईला, आणि बापाला सगळ्यात शेवटी. तेवढं एक हवालदारांच्या घशात अडकून बसलं होतं. या माणसानं एकदा लेकीच्या हातचं जेवावं आणि तिच्या घरचं घोटभर पाणी प्यावं, एवढंच चंद्राबाईला हवं होतं. नातवंडाची वाट बघायची तिची तयारी नव्हती.

म्हणून एप्रिलातल्या एका सकाळी तिनं सांगून टाकलं, “ह्या शनवारी आमी सांगलीला चाललो. जयराज गाडी चालवंल. आयतवारी सांजच्याला परत. तुमी येत नसला तर बसा म्हशीपाशी.”

म्हशीपाशी बसण्यापेक्षा हवालदारांनी अटी घातल्या. आपण लॉजवर झोपणार. आपला डबा आपण नेणार. आपली पाण्याची बाटली आपण नेणार. आणि तारीख-वेळ आपण कळवणार, कारण बायकांनी कळवलं की घोळ होतो. त्यांनी व्याह्यांना, म्हणजे शांतिनाथांना, व्हॉट्सॲप केलं.

“शनिवार. सांगली. आगमन १८.”

फौजेत संध्याकाळच्या सहाला अठरा म्हणतात. आणि एक शब्द जास्त वापरायचा नाही, हीही फौजेचीच शिस्त. पलीकडनं हात जोडल्याचं चित्र आलं आणि पाठोपाठ लाल फुगे. “फुगे कशाला पाठवत्यात ही माणसं?” हवालदार म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

शनिवारी गाडी निघाली ती वाजतगाजत. जयराजनं गाणी लावली, चंद्राबाईनं नवं लुगडं नेसलेलं, आणि मागच्या सीटवर हवालदारांचा डबा, त्यात भाकरी आणि लसणाचा ठेचा. कराड येईपर्यंत त्या ठेच्यानं गाडीतल्या तिघांनाही जिंकलं. जयराजनं काच खाली केली. “आण्णा, जैनाच्या दारात ह्यो बाँब घिऊन चाललाय तुमी.” “डबा गाडीतच ऱ्हाईल. मी बी गाडीतच जेवंल,” आण्णा म्हणाले. इस्लामपूरला थोरलीनं चहाला थांबा म्हणून तीनदा फोन केला, पण हवालदारांनी चहा रद्द केला, कारण रस्त्याच्या कामात अकरा मिनिटं गेली होती.

आणि एवढं करून ते सांगलीत पोचले पाच बावन्नला! आता कुणीही शहाणा माणूस आत गेला असता. हवालदारांनी गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबवायला लावली. “आठ मिन्टं हायत.” मग ती तिघं बंद गाडीत ठेच्याचा वास घेत बसली. कोपऱ्यावर झाडाखाली एक बँड कुठल्याशा नवरदेवाची वाट बघत बसला होता, लाल कोट, सोनेरी पट्ट्या, आणि घामानं भिजलेले चेहरे. चंद्राबाईनं पदरानं वारा घेतला आणि हसू दाबलं.

बरोबर सहाला ती दारात उभी राहिली. दारात ही मोठी रांगोळी. क्रांती जरीच्या साडीत, कपाळावर घाम, गालाला पीठ. तिच्यामागं सासरे शांतिनाथ, सासू चंदनबाला आणि आर्जव. “जय जिनेंद्र, या पाव्हणं, या!” शांतिनाथांनी हात जोडले. बाजूच्या टेबलावर मानाच्या टोप्या आणि टॉवेलची चळत होती. चळत बघून चंद्राबाईला वाटलं, यांचं टोप्यांचं दुकानही आहे की काय.

क्रांती मात्र त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होती. “आण्णा, बाकीची भावकी मागच्या गाडीत हाय व्हय?”

“कसली भावकी?” असं जयराज म्हणणार तेवढ्यात चंद्राबाईची नजर आतल्या सोप्यात गेली. दोन रांगा. पाट, ताटं, ताटांभोवती रांगोळी. तिनं मोजली. अठरा. अगं बाई गं!

क्रांतीचं तोंड थांबत नव्हतं. “अठरा वाचलं आन् मी सैपाकघरात नाचायलाच लागले, आई! म्हटलं, आण्णा सगळी भावकी घिऊन येत्यात माझ्या घरला. इचारायला फोन करणार हुते, पर भ्या वाटलं. न्हाई म्हणलं तर? पहाटेपास्नं चौपन्न पोळ्या लाटल्यात मी. एकटीनं. आत्याबाईंना हात लावू दिला न्हाई.”

“कुणाला लावू देत न्हाई वो,” चंदनबाला कौतुकानं म्हणाल्या. “आता लौकर पानावर बसू या. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवान. आज सहा बावन्नला मावळतोय. आन् उरलेलं आमाला दुसऱ्या दिवशी चालत न्हाई.”

चंद्राबाईनं नवऱ्याकडं बघितलं. हवालदारांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग सगळंच एकदम आलं. त्यांनी लेकीच्या गालावरचं पीठ बघितलं. आणि ज्या माणसानं चौतीस वर्षांत बायकोला साडीचा रंग चांगला दिसतो असंसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं, तो माणूस म्हणाला, “व्हय. मागं हायत. आणतो.”

आणि उलटा वळून चालू पडला. चंद्राबाई चपला पायात अडकवत मागं धावली.

“आवं, कुठनं आणणार भावकी?”

“गोळा करायची.”

“चाळीस मिन्टांत?”

“सत्तेचाळीस,” हवालदार म्हणाले. चंद्राबाईला रडू यायला हवं होतं, पण पोटातून हसूच वर येत होतं. काय करणार, हा माणूसच तसला!

शेजारच्या कट्ट्यावर एक म्हातारं जोडपं हवा खात बसलं होतं, आप्पासो आणि बनुबाई. हवालदार त्यांच्यासमोर उभे राहिले. “पुरनपोळी खानार का?” असलं आमंत्रण आप्पासोंना जन्मात मिळालं नव्हतं. “कुणाची?” त्यांनी विचारलं. “माझ्या लेकीच्या हातची.” बनुबाई तोवर उठून उभ्या राहिल्या होत्या. पुढं इस्त्रीवाला भेटला. त्याची इस्त्री चंद्राबाईनं स्वतः काढून ठेवली. मग पार्सल वाटत फिरणारी एक मुलगी भेटली. “मला अजून सहा पत्ते हायत, काकू,” ती म्हणाली. “आदी ह्यो पत्ता कर,” म्हणून चंद्राबाईनं तिचा हात धरला.

चार झाले. जयराज आणि ती स्वतः धरून सहा. आणि तेव्हा हवालदारांना कोपऱ्यावरचा बँड आठवला.

अकरा माणसं होती ती. नवरदेव अजून दाढी करत होता म्हणे. हवालदारांनी त्या लाल कोटांकडं बघितलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, “फॉल इन!”

देवाशपथ, ती अकरा माणसं ताडकन उठून रांगेत उभी राहिली! तुतारीवाल्यानं तर तुतारी खांद्यालाच लावली. “जेवान हाय,” हवालदार म्हणाले. “पुढं बघ! चल!” ढोलवाल्याला राहवलं नाही, त्यानं चालीवर ठेका धरला. गल्लीतल्या बायका गॅलरीत आल्या. लेफ्ट-राइट करत पुढं हवालदार, मागं बँड, त्यामागं आप्पासो-बनुबाई, इस्त्रीवाला, पार्सलवाली आणि शेवटी पदर तोंडात कोंबलेली चंद्राबाई, अशी ती भावकी व्याह्यांच्या दारात आली.

शांतिनाथ बघतच राहिले. “ही समदी तुमची भावकी?”

“व्हय,” हवालदार म्हणाले. “बँडात हायत.”

शांतिनाथांनी एकेकाच्या डोक्यावर टोपी ठेवायला घेतली. बँडवाल्यांच्या झाल्या, इस्त्रीवाल्याची झाली. मग हात थांबला. “आप्पासो,” ते म्हणाले, “तुमी कवापास्नं उंब्रजचे झाला?”

आप्पासोंनी हवालदारांकडं बघितलं. हवालदारांनी छताकडं बघितलं. सगळ्यात आधी चंदनबाला फिस्सकन हसल्या, मग पार्सलवाली, मग ढोलवाला. क्रांती मात्र हसत नव्हती.

हवालदार लेकीसमोर सावधान उभे राहिले. “चूक माझी हाय. अठरा म्हंजी सांजचं सहा. भावकी न्हाई आली.”

“कुणीच न्हाई?”

“न्हाई.”

“आन् मग तुमी माझ्यासाठनं बँड गोळा केला?” क्रांतीनं विचारलं. “खोटं बोलला? तुमी?” आणि मग तिचं असं काही सुटलं, की ती हसत हसत उंबऱ्यावरच बसली. डोळ्यांतून पाणी, गालावर त्या पिठाचा चिखल. चंद्राबाई तिला उठवायला गेली आणि तीही शेजारी बसली.

साडेसहाला पंगत बसली. तूप फिरलं, आमटी फिरली. शांतिनाथ आणि आर्जव समोर वेगळ्या पाटांवर बसले होते. चंद्राबाईनं रांगेवरून नजर फिरवली. सतरा. एक पान मोकळं होतं.

“मोकळं पान ठिवत न्हाई आमच्यात,” चंदनबाला म्हणाल्या.

“माझा डबा हाय,” हवालदार दारातून म्हणाले.

क्रांती हातात पोळी घेऊन तशीच उभी. चंद्राबाईला आता हसू येईना. पुरे झालं, तिला वाटलं, दोन वर्षं पुरे झाली. “आवं,” ती म्हणाली, “अठरा तुमी कळवलं. सतराच बसल्यात. तुमचा आकडा कवा चुकला हुता का?”

आणि बँडमास्तर, पुरणानं भरलेल्या तोंडानं, पाटावरूनच म्हणाला, “साहेब, फॉल इन.”

हवालदार आले. टोपी घातली. मांडी घालून बसले. “आकडा भराय पायजे,” ते कुणाकडंही न बघता म्हणाले आणि खायला लागले. एक पोळी आकड्यासाठी, हे चंद्राबाईनं मान्य केलं. दुसरी कशासाठी? तिसरी? चौथीला त्यांनी स्वतःच ताट पुढं सरकवलं. पण डाव्या हाताशी त्यांनी आणलेली ती हिरवी बाटली होतीच, आणि घोट ते तिच्यातूनच घेत होते. चंद्राबाईला ती बाटली उचलून गल्लीत भिरकावून द्यावीशी वाटत होती.

सहा पंचेचाळीसला समोर शांतिनाथांचं जेवण झालं. त्यांनी ताटात थोडं पाणी घेतलं, बोटानं ताट कडेकडेनं विसळलं, आमटीचा थेंब, पोळीचा कण सगळा गोळा केला आणि ते पाणी पिऊन टाकलं. पार्सलवाली टकामका बघायला लागली. “महाराजांकडनं नेम घेतलाय,” शांतिनाथ ओशाळून म्हणाले. “सुनंनं पहाटेपास्नं राबून केलंय. कण वाया घालवायचा न्हाई.”

हवालदारांनी आपल्या ताटाकडं बघितलं. पुरण लागलेलं होतं, तुपाची कड होती. ते म्हणाले, “क्रांते, मला समद्यात शेवटी का सांगितलंस गं?”

क्रांती तांब्या घेऊन पंगतीत वाकली होती. ती तशीच थांबली. “आण्णा, दुसरं कुणी न्हाई म्हणलं असतं तरी मी लगीन केलं असतं. तुमी न्हाई म्हणला असता, तर मी केलंच नसतं. म्हणून.”

हवालदारांनी ताट तिच्यापुढं केलं. “घाल पानी.”

क्रांतीनं ओतलं. निम्मं त्यांच्या मांडीवर सांडलं. त्यांनी बोटानं ताट फिरवून विसळलं, दोन्ही हातांनी उचललं, आणि चंद्राबाईच्या डोळ्यांदेखत तो माणूस लेकीच्या घरचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.