शिंप्याची खिडकी

आमच्या ठाण्याच्या आळीतल्या शिंप्याला साऱ्या गावाची चौकशी. आगगाडीने कोण आले, पत्र कोणाचे, हे तो सुई न थांबवता विचारी. मी शाळामास्तर; विधुर, एकटा. माझीही विचारपूस तोच करी. एकदा त्याला मी इंग्रजांची जुनी कथा सांगितली. रयतेचा कर माफ व्हावा म्हणून एक सरदारपत्नी केवळ केसांनी अंग झाकून घोड्यावरून गावातून गेली. साऱ्यांनी खिडक्या लावल्या. एका शिंप्याने मात्र फटीतून पाहिले आणि तो आंधळा झाला.

"शिंपीच बरा सापडला," तो हसला. "गावात मास्तर नव्हता का कोणी?"

पुढे शेजारच्या कोवळ्या विधवेचे केशवपन ठरले. न्हावी मागल्या अंगणात शिरताच शिंप्याने शिवण खाली ठेवली आणि आपली खिडकी लावून घेतली. हे मला ठाऊक आहे, कारण मी माझ्या खिडकीच्या फटीशी उभा होतो.

संध्याकाळी त्याने हळूच विचारले, "मास्तर, पोर फार रडली का हो?"

"मला काय ठाऊक? माझी खिडकी बंद होती."

त्याने मान हलवली आणि सुईत दोरा ओवला. या गोष्टीला बारा वर्षे झाली. समोरून जाताना मी अजून पाऊल मंद करतो. तो मला काहीच विचारीत नाही.